पस्तीस जणांचे पथक आणि कधीच न भरलेला वर्ग : आरोग्यशिक्षणाचा एक महाराष्ट्रीय इतिहास (थ्रेड)

१/ हरिहरेश्वराच्या दक्षिणेस सावित्री नदी समुद्राला मिळते. अलीकडे रायगड, पलीकडे बाणकोट आणि रत्नागिरी जिल्हा. बागमांडल्याहून वेसवीला जाणाऱ्या फेरीबोटीत आज पर्यटक हौसेने चढतात. खाड्यांनी तुकडे केलेल्या या किनाऱ्यावर एके काळी मात्र ‘पलीकडे जाणे’ हा आजारी माणसाच्या जगण्यामरण्याचा प्रश्न होता.

२/ हरिहरेश्वर म्हटले की दक्षिण काशी आणि पेशव्यांचे कुलदैवत आठवते. या थ्रेडचा विषय वेगळा आहे. डॉक्टर, परिचारिका, सुईण, औषधनिर्माता, स्वच्छता निरीक्षक, गावातील आरोग्यसेविका : अशा गावातल्या रुग्णापर्यंत एवढे लोक पोहोचावे लागतात. हे सर्वजण एकमेकांबरोबर काम करायला शिकतात कोठे? या प्रश्नाला सुमारे ऐंशी वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातील एक महत्त्वाचे प्रकरण याच किनाऱ्यावर घडले.

३/ प्रारंभ १९४३ पासून. महायुद्ध चालू असताना ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातील आरोग्यस्थितीची पाहणी करून युद्धोत्तर योजना सुचवण्यासाठी एक समिती नेमली. अध्यक्ष होते सर जोसेफ भोर. आयसीएस अधिकारी, व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे माजी सदस्य आणि जन्माने नाशिकचे. समितीचा अहवाल १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतंत्र भारताच्या आरोग्यव्यवस्थेचा पाया म्हणून आजही त्याचेच नाव घेतले जाते.

४/ समितीपुढील आकडे विदारक होते. सुमारे ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर, सुमारे ४३,००० लोकांमागे एक परिचारिका आणि ६०,००० लोकांमागे एक प्रसाविका. या आकड्यांतील प्रमाण लक्षात घेण्यासारखे आहे. देशात परिचारिकांपेक्षा डॉक्टर कितीतरी अधिक होते. शुश्रूषेचे काम करणारी व्यक्ती डॉक्टरपेक्षा दुर्मीळ असणे, हे व्यवस्थेने कोणत्या कामाला किती मान दिला याचेच मोजमाप होते.

५/ यावर समितीने सुचवलेली पहिली पायरी म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र. ४०,००० लोकवस्तीमागे एक केंद्र आणि त्यात २ डॉक्टर, १ परिचारिका, ४ सार्वजनिक आरोग्य परिचारिका, ४ प्रसाविका, ४ प्रशिक्षित सुईणी, २ स्वच्छता निरीक्षक, २ आरोग्य सहायक, १ औषधनिर्माता आणि १५ चतुर्थ श्रेणी कर्मचारी. एकूण ३५ माणसे. केंद्र म्हणजे केवळ इमारत नव्हे, तर एक पथक, ही कल्पना येथे स्पष्ट दिसते.

६/ डॉक्टरांच्या शिक्षणाविषयीही समितीने ठोस सूचना केल्या. वैद्यकीय विद्यार्थ्याला प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे प्रशिक्षण मिळावे आणि त्यातून ‘सामाजिक वैद्य’ घडावा. त्याच वेळी कमी मुदतीचा लायसेन्शिएट अभ्यासक्रम बंद करून देशात एकाच प्रकारचा पदवीधर डॉक्टर असावा, असे बहुमत पडले. सहा सदस्यांनी याला विरोध नोंदवला. खेड्यांना तातडीने डॉक्टर हवे असताना कमी मुदतीचा मार्ग बंद करू नये, हा त्यांचा मुद्दा होता.

७/ या सगळ्यात एक फट राहून गेली. ३५ जणांचे पथक कागदावर एकत्र आले. त्यांचे शिक्षण मात्र वेगवेगळ्या इमारतींत, वेगवेगळ्या परिषदांच्या नियमांनुसार होणार होते. डॉक्टर महाविद्यालयात, परिचारिका रुग्णालयाला जोडलेल्या शाळेत, निरीक्षक तिसरीकडे. सुईण तर कोणत्याच वर्गाची विद्यार्थिनी नव्हती. ज्यांनी आयुष्यभर एकत्र काम करायचे, त्यांची पहिली भेट नोकरीवर रुजू झाल्यानंतर होणार होती.

८/ हरिहरेश्वर तर तेव्हा या योजनेच्याही बाहेर होते. समितीची पाहणी ब्रिटिश हिंदुस्थानची. श्रीवर्धन आणि म्हसळा हा मुलूख जंजिऱ्याच्या सिद्दीच्या संस्थानात मोडत होता. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले आणि हा भाग कुलाबा जिल्ह्यात आला. १९८१ मध्ये त्याच जिल्ह्याचे नाव रायगड झाले.

९/ २ ऑक्टोबर १९५२ रोजी समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच्या आधाराने देशात प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहू लागली. मात्र भोर समितीचे ३५ जणांचे पथक कोठेच उतरले नाही. केंद्राच्या वाट्याला लोकसंख्या आली जास्त आणि माणसे आली कमी. अशा केंद्रात शहरातून पदवी घेऊन आलेला तरुण डॉक्टर एकटा उभा राहत असे.

१०/ त्या एकटेपणाचे उदाहरण सावित्रीच्याच खोऱ्यात आहे. हरिहरेश्वराजवळ समुद्राला मिळणारी ही नदी पोलादपूर आणि महाडवरून येते. महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ मध्ये एक तरुण डॉक्टर रुजू झाले. नाव हिंमतराव बावस्कर. शिक्षण नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात.

११/ कोकणात लाल विंचवाचा दंश नित्याचा. भाताच्या पेंढ्यात, कौलांत, जळणाच्या लाकडांत तो दडलेला असे. दंश झाल्यावर घाम, थंड पडलेले हातपाय, मग धाप आणि फुप्फुसांत पाणी साचून मृत्यू. त्या काळी दंशाचे गंभीर रुग्ण शंभरातले तीस-चाळीस दगावत. बावस्करांना महाविद्यालयात मिळालेल्या शिक्षणात या मृत्यूंवरचा उपाय नव्हता.

१२/ त्यांनी रुग्णाच्या खाटेशेजारी बसून लक्षणांची तासातासाची नोंद ठेवली. १९८२ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे निरीक्षण प्रसिद्ध झाले. पुढे रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे औषध या दंशावर प्रभावी असल्याचे त्यांनी दाखवले आणि मृत्यूचे प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

१३/ या कथेतील शौर्य सर्वांना ठाऊक आहे. तिच्यातील शैक्षणिक मुद्दा सहसा सुटतो. उपचार म्हणजे तोंडाने घ्यायची एक साधी गोळी. तिचा उपयोग होण्यासाठी घरच्या माणसाने दंश ओळखणे, वेळ न दवडता केंद्रात येणे, परिचारिकेने नाडी व रक्तदाबावर रात्रभर लक्ष ठेवणे आणि डॉक्टरने योग्य मात्रा देणे, ही साखळी जुळावी लागते. शोध एका माणसाला लागू शकतो. जीव मात्र साखळीने वाचतो. ती साखळी शिकवायची कोणी?

१४/ महाराष्ट्रात या प्रश्नाला तीन ठिकाणी तीन उत्तरे दिली गेली : सेवाग्राम, जामखेड आणि मांडवा. तिन्ही प्रयोग अवघ्या चार-पाच वर्षांच्या अंतराने सुरू झाले. तिघांनीही विद्यार्थ्याला रुग्णालयातून गावात आणले. पण गावात आल्यावर शिक्षक कोण असेल, याचे उत्तर प्रत्येकाचे वेगळे होते. फलितही त्यानुसार वेगळे निघाले.

१५/ पहिले सेवाग्राम. डॉ. सुशीला नायर गांधीजींच्या निकटच्या सहकारी आणि वैद्य. १९६२ ते १९६७ या काळात त्या केंद्रीय आरोग्यमंत्री होत्या. १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, त्यांनी वर्ध्याजवळ महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन केली. कस्तुरबांच्या नावाचे रुग्णालय तेथे आधीपासून होतेच. शहराबाहेर, खेड्याच्या मध्यभागी वैद्यकीय महाविद्यालय काढणे हीच त्या काळी नवलाची गोष्ट होती.

१६/ तेथील विद्यार्थ्याचे शिक्षण गांधीजींच्या आश्रमातील निवासी शिबिराने सुरू होते. खादी, श्रमदान आणि प्रार्थना हा दिनक्रमाचा भाग. त्यानंतर प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते. सारे विद्यार्थी काही दिवस त्या गावातच मुक्काम करतात आणि प्रत्येकाकडे मोजकी कुटुंबे सोपवली जातात. शिबिर संपले तरी नाते संपत नाही. पुढील वर्षांतही विद्यार्थी त्या घरी जात राहतो.

१७/ याचा परिणाम सूक्ष्म असतो. रुग्णालयात दिसणारा रुग्ण म्हणजे एक आजार आणि एक खाट. गावात तोच रुग्ण कोणाचा तरी मुलगा असतो. घरात पाणी कोठून येते, धान्य किती दिवस पुरते, सून दवाखान्यात जायला कोणाची परवानगी मागते, हे विद्यार्थ्याला डोळ्यांनी दिसते. गावाविषयी शिकणे म्हणजे काय, हे सेवाग्रामने देशाला दाखवले. मात्र या रचनेच्या केंद्रस्थानी वैद्यकीय विद्यार्थीच होता. गाव पाठ्यपुस्तक झाले होते; शिक्षक अजून प्राध्यापकच होते.

१८/ दुसरे उत्तर दुष्काळी जामखेडचे, तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातले. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. पुढे त्यांनी अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. सुशीला नायर यांचे उच्च शिक्षणही याच विद्यापीठातले. १९७० मध्ये आरोळे दांपत्याने जामखेडला सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला.

१९/ प्रारंभी गावातील कामासाठी प्रशिक्षित सहायक परिचारिका नेमण्याचा विचार होता. तो टिकला नाही. बाहेरून आलेली तरुण परिचारिका एकटी गावात राहणे अवघड, आणि गावातील बायका तिच्यापाशी मन मोकळे करतीलच असे नाही. मग गावानेच आपल्यातील एक स्त्री निवडावी, असे ठरले. निवडलेल्या बहुतेक जणी प्रौढ होत्या, अनेक निरक्षर, अनेक दलित समाजातील.

२०/ या स्त्रिया दर आठवड्याला दोन दिवस जामखेडला येत. वेगवेगळ्या जातींच्या बायका एकत्र राहत, एकत्र जेवत आणि एकत्र शिकत. गरोदरपणातील धोके, अतिसारात मुलाला द्यायचे मीठ-साखरेचे पाणी, क्षय आणि कुष्ठरोगाची पहिली खूण, लसीकरण. लिहिता येत नसेल तर चित्रे, गाणी आणि पाठांतर. मग आठवडाभर गावात प्रत्यक्ष काम आणि पुढच्या खेपेस अनुभवांची उजळणी.

२१/ गावात जाणाऱ्या फिरत्या पथकात परिचारिका, समाजकार्यकर्ता, निमवैद्यकीय कर्मचारी, चालक आणि गरजेनुसार डॉक्टर असे. अडचणींची चर्चा सर्वांसमवेत होई. गावातील सेविकेने रुग्णाविषयी सांगितलेली माहिती डॉक्टरच्या निदानाइतकीच मोलाची मानली जाई. भोर समितीने कागदावर मांडलेले पथक येथे प्रथमच एकमेकांसमोर बसून बोलू लागले होते.

२२/ आणि मग वर्ग उलटा झाला. वैद्यकशास्त्र, परिचर्या, समाजकार्य अशा निरनिराळ्या शाखांचे विद्यार्थी देशातून आणि परदेशांतून जामखेडला शिकायला येऊ लागले. त्यांना शिकवायला उभ्या राहिल्या याच गावच्या बायका. शाळेची पायरी न चढलेली स्त्री पदवीधर डॉक्टरला सांगत होती की कुपोषित मूल तराजूवर चढण्याआधी घराच्या उंबऱ्यावर कसे ओळखायचे.

२३/ प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये तेथील बालमृत्युदर हजारी १७६ होता. १९७६ पर्यंत तो ५२ वर आला. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘हेल्थ बाय द पीपल’ या ग्रंथात जामखेडवर एक प्रकरण आहे. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

२४/ या दोन तारखांच्या मध्ये जगाने वळण घेतले. सप्टेंबर १९७८ मध्ये सोव्हिएत कझाकस्तानातील अल्मा-आता येथे १३४ देशांचे प्रतिनिधी जमले आणि ‘सर्वांसाठी आरोग्य’ हे ध्येय प्राथमिक आरोग्यसेवेतून गाठायचे ठरले. ज्या मोजक्या प्रयोगांनी या विचाराला बळ दिले त्यांत जामखेड होते. दुष्काळी तालुक्यातील बायकांचा वर्ग जागतिक धोरणाचा आधार ठरला होता.

२५/ दिल्लीतही हालचाल सुरू होती. श्रीवास्तव समितीने १९७५ मध्ये समाजातूनच आरोग्य कार्यकर्ते घडवण्याची आणि वैद्यकीय शिक्षण गावाकडे वळवण्याची शिफारस केली. २ ऑक्टोबर १९७७ रोजी सामुदायिक आरोग्य कार्यकर्ता योजना आली. त्याच वर्षीच्या दुसऱ्या योजनेनुसार प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने तीन विकासगटांच्या आरोग्याची जबाबदारी घ्यायची होती.

२६/ दोन्ही योजना एकाच वर्षी निघाल्या, पण वेगवेगळ्या वाटांनी गेल्या. गावच्या कार्यकर्त्याचे प्रशिक्षण एका बाजूला, वैद्यकीय विद्यार्थ्याची ग्रामभेट दुसऱ्या बाजूला. विद्यार्थी महाविद्यालयाच्या गाडीतून सकाळी येतात आणि संध्याकाळी परततात, अशी टीका पुढे होत राहिली. जामखेडने जोडलेले दोन धागे शासकीय फायलींत पुन्हा सुटे झाले.

२७/ आता पुन्हा रायगडचा किनारा. हरिहरेश्वर या किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला, तर मांडवा उत्तरेला, अलिबाग तालुक्यात. गेटवे ऑफ इंडियाहून लाँचने तासाभरात येथे पोहोचता येते. मुंबईची मोठी रुग्णालये समोर, मधे केवळ समुद्र. तरीही १९७०च्या सुमारास मांडव्याच्या आसपासच्या खेड्यांत बाळंतपण, क्षय आणि कुष्ठरोग यांचे चित्र मुंबईपासून शेकडो मैल दूर असलेल्या गावांसारखेच होते.

२८/ हे अंतर एका शल्यविशारदाने मनावर घेतले. डॉ. नोशीर अंतिया हे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील नामवंत प्लास्टिक सर्जन. कुष्ठरोगाने वाकडी झालेली बोटे आणि बसलेली नाके शस्त्रक्रियेने पूर्ववत करणे हे त्यांचे मोठे काम. पण वेळीच ओळखला गेला तर कुष्ठरोगात ही विद्रूपता येतच नाही, म्हणजेच शस्त्रक्रियेची गरजच उरत नाही, हेही त्यांना दिसत होते.

२९/ १९७०च्या दशकाच्या आरंभी मांडवा प्रकल्प सुरू झाला. अंतिया यांनी स्थापन केलेल्या ‘फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ’ या संस्थेने तो चालवला. सुमारे ३०,००० लोकवस्ती आणि तिच्यातूनच निवडलेल्या अल्पशिक्षित स्त्रिया. डॉक्टरांची किमान मदत घेऊन लोक स्वतःच्या आरोग्याची काळजी स्वतः किती घेऊ शकतात, हा प्रयोगाचा प्रश्न होता.

३०/ उत्तर अपेक्षेपेक्षा लवकर मिळाले. थोड्याच काळात या स्त्रियांनी आपल्या गावांतील आरोग्यसेवेत लक्षणीय सुधारणा घडवली. कुष्ठरोगाचा चट्टा ओळखायला किंवा क्षयाच्या रुग्णाची गोळी चुकू न द्यायला पदवी लागत नाही. त्या घरात रोज जाता येणारी व्यक्ती लागते. हे मांडव्यात कामातून सिद्ध झाले.

३१/ आणि येथेच प्रयोग अडला. गावची साधी बाई उपचार करते, सल्ला देते, प्रश्न विचारते, हे प्रस्थापित आरोग्ययंत्रणेला रुचले नाही. दुर्बल घटकांतील स्त्रियांना लाभलेला हा मान स्थानिक राजकारण्यांना आपल्या अधिकाराला आव्हान वाटला. सुमारे दशकभराच्या कामानंतर संस्थेला मांडव्यातून माघार घ्यावी लागली. अंतिया यांनी १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय नियतकालिकात या प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध केला, तो यशाइतकाच या विरोधाचाही दस्तऐवज आहे.

३२/ या माघारीचा अर्थ काय? जामखेडमध्ये डॉक्टर, परिचारिका आणि गावची स्त्री एकाच संस्थेत होत्या. एकमेकींचे ज्ञान मान्य करण्याची सवय रोजच्या कामातून लागत गेली. मांडव्यात स्त्रिया शिकल्या, पण त्यांच्या शेजारी उभी असलेली शासकीय यंत्रणा त्यांच्याबरोबर शिकली नाही. पथकाचा एक भाग पुढे गेला आणि उरलेल्या भागाला तो प्रतिस्पर्धी वाटू लागला.

३३/ अंतिया थांबले नाहीत. पुढे पुणे जिल्ह्यातील परिंचे परिसरात संस्थेचे काम सुरू राहिले. भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषद आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या संयुक्त अभ्यासगटाने १९८१ मध्ये ‘सर्वांसाठी आरोग्य’ हा पर्यायी धोरणाचा अहवाल मांडला होता. त्याच्या घडणीत कोल्हापूर जिल्ह्यातून आलेले शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांचा मोठा वाटा होता. लोकांचे आरोग्य लोकांच्या हाती, हा विचार त्या काळच्या अनेक चर्चांत घुमत होता.

३४/ मांडव्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला त्याच १९८८ साली जागतिक आरोग्य संघटनेचा एक अहवाल आला. विषय : आरोग्यासाठी एकत्र काम करायचे तर एकत्र शिकणे. त्याआधी दोन वर्षे स्वीडनमधील लिंशोपिंग विद्यापीठाने डॉक्टर, परिचारिका आणि इतर शाखांच्या सर्व विद्यार्थ्यांना पहिले दहा आठवडे एकाच वर्गात बसवायला आरंभ केला होता. पुढे या पद्धतीची व्याख्या तीन शब्दांभोवती स्थिरावली : एकमेकांसोबत, एकमेकांकडून आणि एकमेकांविषयी शिकणे.

३५/ ‘सोबत’, ‘कडून’, ‘विषयी’. या तीन शब्दांनी महाराष्ट्राचा इतिहास वाचला तर तो स्पष्ट होतो. सेवाग्रामने ‘विषयी’ साधले. जामखेडने ‘सोबत’ आणि ‘कडून’ दोन्ही साधले. मांडव्याने ‘कडून’ किती महाग पडू शकते हे दाखवले. सोबत बसणे सोपे असते. ज्याला आपण खालचा समजतो त्याच्याकडून शिकणे हीच खरी परीक्षा.

३६/ १९८०च्या दशकाच्या अखेरीस जामखेडची एक आरोग्यसेविका वॉशिंग्टनमधील परिषदेत बोलली. सभागृहातील झगमगत्या झुंबराशी तिने मोठ्या रुग्णालयाची तुलना केली : सुंदर, महाग आणि आवाक्याबाहेर. आणि स्वतःची तुलना एका छोट्या दिव्याशी, जो एका ज्योतीवरून दुसरी ज्योत लावत जातो. तिच्या श्रोत्यांत सार्वजनिक आरोग्याचे जाणकार बसले होते. त्या दिवशी शिक्षिका ती होती.

३७/ पुढचा प्रवास वेगाने पाहू. १९९८ मध्ये नाशिकला महाराष्ट्र आरोग्यविज्ञान विद्यापीठ स्थापन झाले. आधुनिक वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, परिचर्या, भौतिकोपचार अशा शाखा प्रथमच एका विद्यापीठाच्या छत्राखाली आल्या. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ‘आशा’ आल्या. गावानेच आपली आरोग्यसेविका निवडायची, ही जामखेड-मांडव्याची कल्पना देशव्यापी झाली.

३८/ २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने कुटुंब दत्तक कार्यक्रम आणला. आता देशातील एमबीबीएसच्या विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासूनच काही कुटुंबांशी नाते जोडायचे आहे. १९६९ पासून सेवाग्रामला जे घडत होते, ते अर्ध्या शतकानंतर राष्ट्रीय नियमात उतरले. इतिहासात कल्पना मरत नाहीत, पण त्यांना वाट पाहावी लागते, याचे हे उत्तम उदाहरण.

३९/ दुसरा अर्धा भाग अजून वाट पाहतो आहे. हा नियम वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी आहे. परिचर्येचा अभ्यासक्रम वेगळी परिषद ठरवते, औषधनिर्माणशास्त्राचा आणखी वेगळी, आशांचे प्रशिक्षण तिसरीच यंत्रणा करते. एकाच घराच्या ओटीवर डॉक्टर होऊ घातलेला, परिचारिका होऊ घातलेली आणि त्या गावची आशा यांनी मिळून बसावे, असा आग्रह या नियमात नाही. १९४६ ची फट आजही बुजलेली नाही.

४०/ पुन्हा हरिहरेश्वर. समजा, भातकापणीच्या दिवसांत पेंढ्यात हात घालताना कोणाला लाल विंचू डसला. औषध आज उपलब्ध आहे, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यात धावते. तरीही पहिला घाम कोणाच्या लक्षात येईल? घरातल्या बाईच्या. ती कोणाला हाक मारील? शेजारच्या आशाला. आशाने फोनवर सांगितलेली लक्षणे परिचारिका ऐकून घेईल का, आणि परिचारिकेचा अंदाज डॉक्टर?

४१/ या प्रश्नाचे उत्तर त्या रात्री ठरत नाही. ते त्या डॉक्टरच्या विद्यार्थिदशेतच ठरलेले असते : तो कोणाशेजारी बसला, कोणाकडून शिकला आणि कोणाचे म्हणणे ऐकून घ्यायची सवय त्याला लागली. भोर समितीच्या पस्तीस जणांना कामासाठी केंद्र मिळाले; एकत्र बसायला वर्ग मिळाला नाही. जामखेडने तो काही काळ भरवला. मांडव्यात तो बंद पाडला गेला. सावित्रीच्या मुखाशी राहणाऱ्या माणसाला त्या बंद वर्गाची किंमत आजही मोजावी लागू शकते.

(थ्रेड समाप्त)